सुरांचें सोंवळें

शुभवर्तमानाचीं गाणीं नाचघरांतील ठेक्यावर म्हणावीं कीं म्हणूं नयेत, हा वाद अमेरिकेंत जवळजवळ शंभर वर्षें चालू आहे, आणि आतां तो आमच्याकडील सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांतही येऊन पोंचला आहे. "गॉस्पेल" म्हणजे शुभवर्तमान. ह्या नांवाचें गाणें पूर्वीं देवळांत किंवा तबकडीवर ऐकावयास मिळे. आज तें घरांतल्या मुलाच्या फोनवर मिळतें. तेथें एकाच यादींत कृष्णवर्णीय गायकवृंदाचें गंभीर वृंदगान, त्याखालीं कर्कश गिटारींचें हेवी मेटल, त्याखालीं रॅप, आणि त्याखालीं सिडनीच्या एखाद्या भव्य मंडळीचें उपासनागीत, अशीं सारीं एका पंक्तीला बसलेलीं असतात. वडील माणसें हें ऐकून कानांवर हात ठेवतात. तरुण मंडळी म्हणतात, "शब्द तर देवाचेच आहेत, मग बिघडलें काय?" एका पक्षाचा राग चालीवर, दुसऱ्या पक्षाची भिस्त शब्दांवर! आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकत आहेत, आणि दोघेही एकाच कारणानें चुकत आहेत. गाण्याच्या आंत काय आहे हें पाहण्याचे श्रम न घेतां दोघेही वेष्टनावरची चिठ्ठी वाचून निकाल देत आहेत.

प्रथम चालीचा आक्षेप घेऊं. "नाचघरांतला ठेका देवळांत आणला कीं देऊळ बाटतें," असा हा पूर्वपक्ष आहे. ह्याला इतिहासाचा आधार मुळींच नाहीं. ज्याला आज सारे लोक जुनें, सोज्ज्वळ, अस्सल गॉस्पेल म्हणून मान देतात, त्याचा जनक मानला गेलेला थॉमस डॉर्सी हा स्वतःच नाचघराच्या वाटेनें आलेला होता. १८९९ सालीं जॉर्जिया संस्थानांत जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणीं "जॉर्जिया टॉम" ह्या नांवानें ब्लूज वाजवीत असे. मा रेनी ह्या प्रख्यात ब्लूज-गायिकेला त्यानें पियानोची साथ केली, आणि १९२८ सालीं टॅम्पा रेड ह्याच्याबरोबर त्यानें जें एक गाणें तबकडीवर उतरविलें तें इतकें चावट होतें कीं, त्याचा अर्थ चार माणसांत उलगडून सांगण्याची सोय नाहीं. ह्याच माणसानें पुढें शिकागोच्या देवळांत ब्लूजचें वळण असलेलीं भक्तिगीतें आणलीं, तेव्हां अनेक पाळकांनीं त्याला दारांतूनच वाटेस लावलें.

१९३२ च्या ऑगस्टांत डॉर्सी सेंट लुई येथें गाण्यासाठीं गेला असतां इकडे त्याची पत्नी नेटी बाळंतपणांत वारली, आणि मूलही लौकरच गेलें. त्या आघातांतून त्यानें "टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड" हें गीत रचलें. त्याची चाल एका जुन्या स्तोत्रावरून घेतलेली होती, आणि म्हणण्याची ढब ब्लूजची होती. १९६८ च्या एप्रिलांत मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनीं, गोळी लागण्यापूर्वीं कांहीं क्षण, त्या रात्रीच्या सभेंत हेंच गाणें वाजवावें अशी एका वादकाला विनंती केली होती. आणि त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीं महेलिया जॅक्सन हिनें तेंच गाइलें. ज्यांना चालीचें सोंवळें पाळावयाचें आहे त्यांनीं आतां सांगावें, हें गाणें देवळांत घ्यावयाचें कीं दाराबाहेर ठेवावयाचें?

रोझेटा थार्प हिची कथा ह्याच जातीची आहे. विजेच्या गिटारीवर बोटें नाचवीत ती भक्तिगीतें गाई. १९३८ सालीं तिच्या पहिल्या तबकड्या निघाल्या, आणि त्याच वर्षीं ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबांतही गाऊं लागली. धर्मनिष्ठांनीं नाकें मुरडलीं. आज ज्या रॉकला सैतानाचें संगीत म्हणून कित्येक लोक नांवें ठेवतात, त्या रॉकच्या पूर्वजांत ह्याच देवभोळ्या बाईची गणना होते, आणि २०१८ सालीं रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम ह्या संस्थेनें तिला मरणोत्तर आपल्या मानकऱ्यांत स्थान दिलें. उलट बाजूनेंही देवघेव झालीच. १९५४ सालीं रे चार्ल्स ह्यानें एका गॉस्पेल गीताची चाल उचलली, तीवर प्रेमगीत बसविलें, आणि "सोल" ह्या नव्या प्रकाराची वाट मोकळी करून दिली. अशा स्थितींत कोणती चाल देवळाची आणि कोणती नाचघराची, हें ठरविणार कोण?

ह्या देवघेवीचें उत्तम फळ पाहावयाचें असेल तर अरीथा फ्रँकलिन हिची "अमेझिंग ग्रेस" ही ध्वनिमुद्रिका ऐकावी. सोल-गायनाची सम्राज्ञी म्हणून कीर्ति मिळविल्यानंतर, १९७२ च्या जानेवारींत, ही बाई लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट देवळांत दोन रात्रीं गाइली. जेम्स क्लीव्हलंड पियानोवर व निवेदनास होता, आणि मागें गायकवृंद होता. तेथें तिनें डॉर्सीच्या त्या शोकगीताला कॅरोल किंग हिच्या मैत्रीवरील एका लौकिक गाण्याशीं असें गुंफलें आहे कीं, कोठें एक संपून दुसरें सुरू झालें हें ऐकणाराच्या ध्यानांतही येऊं नये. दुसऱ्या रात्रीं तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन हजर होते. ते स्वतः नामांकित धर्मोपदेशक. त्यांनीं उठून मुलीविषयीं अभिमानाचे शब्द काढले. पुढें ह्या ध्वनिमुद्रिकेच्या एकट्या अमेरिकेंतच वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. तिच्या सुरांनीं तें देऊळ बाटलें असें म्हणण्याचें धैर्य आक्षेपकांपैकीं किती जणांना होईल?

मराठी वाचकाला तर हें तत्त्व समजून घेण्यास इतक्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं आपलें "ख्रिस्तपुराण" १६१६ सालीं गोव्यांत छापून काढलें तें ओवींत. जी ओवी आमच्या बायका जात्यावर म्हणत, जी ज्ञानेश्वरांनीं गीतेसाठीं वापरली, तीच ह्या इंग्रज पाद्र्यानें ख्रिस्तचरित्रासाठीं घेतली. त्यानंतर जवळजवळ तीनशें वर्षांनीं रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनीं विलायती चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांच्या जोडीला अस्सल मराठी अभंग व भजनें आणून ठेवलीं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलों असें ते म्हणत असत. तेव्हां परक्या अंगणांतली चाल आणली म्हणून आज गिटारीवर रागावणाऱ्या मराठी ख्रिस्ती गृहस्थांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, त्यांच्या देवळांत आज ज्या चाली "आपल्या" म्हणून मान पावतात, त्याही एके काळीं कोणाच्या तरी अंगणांतूनच आलेल्या आहेत.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. "चाल कोणतीही असो, शब्द पवित्र असले म्हणजे पुरे," असें हा पक्ष म्हणतो. वरवर पाहतां हें मत उदार दिसतें, आणि पहिल्या पक्षाला दिलेल्या आमच्या उत्तरावरून आम्ही ह्याच पक्षाचे आहों असाही कोणाचा समज होईल. परंतु ह्या मतानें भक्तिगीताचें केलेलें नुकसान पहिल्या मताहून अधिक आहे, कारण ह्याच्या पाठीशीं बाजार उभा आहे.

१९६९ सालीं लॅरी नॉर्मन ह्याची "अपॉन धिस रॉक" ही ध्वनिमुद्रिका निघाली. ख्रिस्ती रॉकची ही पहिली ध्वनिमुद्रिका, असें पुष्कळ जाणकार समजतात. त्यानंतरच्या कांहीं वर्षांत "कन्टेम्पररी ख्रिश्चन म्युझिक", म्हणजे आधुनिक ख्रिस्ती संगीत, ह्या नांवाची एक स्वतंत्र पेठच वसली. कंपन्या निराळ्या, दुकानें निराळीं, नभोवाणी-केंद्रें निराळीं, पारितोषिकेंही निराळीं. संगीताचे इतर प्रकार सुरावरून, ठेक्यावरून, वाद्यांवरून ओळखले जातात. हा एक प्रकार मात्र शब्दांवरच्या शिक्क्यावरून ओळखला जातो. स्ट्रायपर नांवाचा हेवी मेटलवाल्यांचा संच पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचे कपडे घालून श्रोत्यांत बायबलच्या प्रती भिरकावीत असे. त्याची १९८६ ची ध्वनिमुद्रिका आणि एखाद्या शांत गायिकेचीं पियानोवरचीं गीतें एकाच फळीवर विक्रीस ठेवलेलीं असत. दोघांना बांधणारी दोरी एकच, आणि ती म्हणजे हा शिक्का!

शिक्का हीच कसोटी ठरली म्हणजे काय होतें, ह्याचा एक मासला पाहा. एमी ग्रँट ही ह्या पेठेंतली सर्वांत लोकप्रिय गायिका. १९९१ सालीं तिची "हार्ट इन मोशन" ही ध्वनिमुद्रिका निघाली, आणि तींतील "बेबी बेबी" हें गाणें अमेरिकेच्या सर्वसामान्य यादींत पहिल्या क्रमांकावर गेलें. तें तिला आपल्या तान्ह्या मुलीचें तोंड पाहून सुचलें होतें. परंतु त्यांत देवाचें नांव नव्हतें, म्हणून तिचे कित्येक जुने चाहते रुष्ट झाले. आईनें लेकराच्या तोंडाकडे पाहून आनंदानें गावें, ह्यांत अधर्म तो कोणता? गॉस्पेल म्युझिक असोसिएशन ही संस्था १९६९ पासून पारितोषिकें देत आली आहे. विसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस तिनें कोणतें गीत "गॉस्पेल" म्हणावें ह्याची व्याख्या शब्दांच्या आशयावरून केली, आणि तीवरून वाद माजला. एका मिनिटांत येशूचें नांव किती वेळां येतें ह्यावरून गाणें मोजतात, अशी थट्टा त्या धंद्यांतील लोक स्वतःच करीत असत. अशा मापानें मोजूं गेल्यास बाजारांतील जपमाळ ही उत्तम काव्य ठरेल!

मग कसोटी कोणती, असा प्रश्न आम्हांस कोणी करील तर आमचें उत्तर सरळ आहे. मनुष्य देवापुढें उभा राहिला असतां त्याच्या आयुष्यांत जें खरोखर घडलें आहे तें सारें बोलण्यास त्या गाण्यांत जागा आहे काय? आनंदाला जागा असावी, हें तर झालेंच. परंतु शोकाला, गाऱ्हाण्याला, पश्चात्तापाला आणि देवाला केलेल्या रोखठोक प्रश्नालाही ती आहे काय? ही कसोटी आम्हीं पदरची काढलेली नाहीं. बायबलांत दीडशें स्तोत्रें आहेत, आणि त्यांतला फार मोठा वांटा शोकाचा आणि गाऱ्हाण्यांचा आहे. अठ्ठ्यायशींवें स्तोत्र तर अंधारांतच संपतें. शेवटीं दिलाशाचा एक शब्दही येत नाहीं. तरीही तीं स्तोत्रें एकत्र करणाऱ्यांनीं तें गाळलें नाहीं. विठ्ठलाशीं भांडणारे नामदेव, देवाला खडे बोल सुनावणारे तुकोबा, ह्यांच्या सहवासांत वाढलेल्या मराठी मनाला ही रीत परकी वाटण्याचें कारण नाहीं. ज्याच्याशीं भांडतां येतें तोच आपला, हें आमच्या संतांनीं आम्हांस शिकविलें आहे.

ह्या कसोटीला नव्या पेठेंतील पुष्कळसा माल उतरत नाहीं, हें कष्टानें म्हणावें लागतें. कारण उघड आहे: बाजाराला निर्धोक गाणें हवें. अमेरिकेंतील कित्येक ख्रिस्ती नभोवाणी-केंद्रें "सर्व कुटुंबाला निर्धोक", "मनाला उभारी देणारें", अशा शब्दांनीं आपली जाहिरात करतात. मुलांना मोटारींतून शाळेंत पोंचविणारी आई ही त्यांची आदर्श श्रोती. तिचा हात कळीकडे जाऊन केंद्र बदलूं नये, एवढ्यासाठीं गाण्यांतील प्रत्येक कडू घोट गाळून टाकावयाचा. अलीकडे देवळांत सामुदायिक रीतीनें गाण्याच्या गीतांचाही मोठा भाग अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील मोजक्या धनवान मंडळ्यांतून तयार होऊन जगभर जातो. तीं गीतें तेवढ्याच सफाईनें घडविलेलीं असतात. त्यांत पहांट नेहमींच झालेली असते. रात्र कोणाची, किती लांब आणि कशी गेली, हें त्यांत क्वचितच सांगितलेलें असतें. डॉर्सीचें गाणें आज प्रथमच बाजारांत आलें असतें, तर "फार उदास आहे, दुसरें कडवें जरा आनंदी करा," असा सल्ला त्याला मिळाला नसता काय?

हा दोष ठेक्याचा नाहीं, हें आम्ही पुनः आग्रहानें सांगतों. रॅप हा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांना सर्वांत तिरस्करणीय वाटणारा प्रकार असेल. परंतु लेक्रे ह्या गायकाची २०१४ ची "अनॉमली" ही ध्वनिमुद्रिका ह्याच प्रकारची आहे, आणि ती अमेरिकेच्या सर्वसामान्य यादींतही पहिल्या क्रमांकावर गेली. तींतील एका गाण्यांत तो आपल्या प्रेयसीला गर्भपात करावयास लावल्याची आणि लहानपणीं आपणांवर झालेल्या अत्याचाराची हकीकत उघडपणें सांगतो. पापाची कबुली ही तर ख्रिस्ती धर्माच्या अगदीं गाभ्यांतील गोष्ट. शेंकडों गोड उपासनागीतांत जी सांपडत नाहीं ती येथें, ह्या धसमुसळ्या ठेक्यावर, सांपडते. स्टीव्हन कर्टिस चॅपमन हा तर त्या पेठेच्या अगदीं मध्यावर बसलेला, अनेक पारितोषिकें मिळविलेला गायक. २००८ सालीं त्याची पांच वर्षांची मुलगी अपघातांत गेली, आणि २००९ सालीं त्यानें "ब्यूटी विल राइज" ही ध्वनिमुद्रिका काढली. तींत बापाचा आक्रोश आहे आणि आशाही आहे. आशेनें आक्रोशाचें तोंड दाबलेलें नाहीं. अर्थात् आधुनिक वाद्यांना रडतां येत नाहीं असें नाहीं. त्यांना रडूं द्यावयाचें कीं नाहीं, हें विकणारा आणि विकत घेणारा ठरवीत असतो.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. "दिवसभर दमलेला मनुष्य देवळांत येतो तो दिलासा मिळावा म्हणून, त्याला तुम्ही आणखी रडवावयास सांगतां काय?" आमचें सांगणें तसें नाहीं. एडविन हॉकिन्स ह्यानें अठराव्या शतकांतील एका इंग्रजी स्तोत्राला नवा ठेका देऊन "ओ हॅपी डे" हें गीत बसविलें, आणि १९६९ सालीं तें जगभर गाजलें. त्यांत आनंदाखेरीज दुसरें कांहीं नाहीं, आणि तें ऐकून ज्याचा पाय हलत नाहीं त्याची आम्हांस कींव येते. परंतु तो आनंद ज्या गायकवृंदांच्या परंपरेंतून आला, तिच्या पाठीशीं गुलामगिरीचीं शतकें आहेत. दुसऱ्या बाजूला काय आहे हें ती परंपरा विसरलेली नव्हती. आमची तक्रार आनंदाविरुद्ध नाहीं. आनंदाखेरीज कांहीं बोलण्याची मुभाच नसणें, ह्याविरुद्ध ती आहे.

हा सारा काथ्याकूट कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून एक प्रसंग सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं पुण्यांतील आमच्या एका ख्रिस्ती स्नेह्याचा एकुलता एक मुलगा अपघातांत गेला. तिसऱ्या दिवशीं सांत्वनाच्या प्रार्थनेला मंडळींतील तरुण मुलें गिटार घेऊन आलीं. तीं प्रेमानें आलीं होतीं. त्यांना दोष देणें अन्यायाचें होईल. त्यांनीं एकामागून एक चार गाणीं म्हटलीं, कोणतें हिंदी, कोणतें इंग्रजीचें मराठी रूप. सर्वांत विजय होता, प्रकाश होता, टाळ्या वाजविण्याजोगी लय होती. मुलाची आई भिंतीकडे पाहत बसली होती. पांचवें गाणें सुरू होणार इतक्यांत कोपऱ्यांत बसलेल्या आजी म्हणाल्या, "बाळांनो, तुमच्या त्या फोनमध्यें रडायचं एखादं गाणं नाहीं का रे?" मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. त्यांनीं यादी खालींवर करून पाहिली. एकही मिळालें नाहीं. शेवटीं आजींनींच घरांतलें जुनें "उपासना संगीत" आणावयास सांगितलें, आणि शेजारच्या बाईंनीं पेटीवर टिळकांचें एक भजन धरलें. दुसऱ्या कडव्यापासून त्याच मुलांपैकीं एकानें हलक्या हातानें गिटारीची साथ दिली. आई तेव्हां प्रथम रडली.

त्या दिवशीं गिटारीनें कांहीं बाटलें नाहीं. उलट तिनें भजनाला हात दिला. आणि आधींच्या चारही गाण्यांतले शब्द सोळा आणे पवित्र असूनही त्या आईच्या उपयोगीं पडले नाहींत. आमच्या दोन्ही प्रतिपक्षांना द्यावयाचें उत्तर ह्या एका प्रसंगांत आलें आहे.

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती घरांचा आहे असेंही कोणी समजूं नये. सिनेमाच्या चालीवरची आरती ऐकून संतापणारे आणि "देवाचेंच नांव आहे ना?" म्हणून ती खपवून घेणारे, हे दोन्ही वर्ग आमच्या हिंदु घरांतही आहेत, आणि दोघेही तितकेच उथळ आहेत. आईबापांना आमची विनंती एवढीच. मुलांच्या फोनवरील भक्तिगीतांची यादी पाहून ठेक्यावरून कपाळाला आठ्या घालूं नका, आणि शब्दांवरचा शिक्का पाहून निर्धास्तही होऊं नका. त्या यादींत मुलाच्या हातून चूक घडली असतां म्हणावयाचें एखादें गाणें आहे काय, घरांत कोणी गेलें असतां म्हणावयाचें एखादें आहे काय, एवढें त्याच्याजवळ बसून पाहा. नसेल तर अरीथाची ती ध्वनिमुद्रिका त्याला ऐकवा, टिळकांचें भजन ऐकवा, आणि तो त्याला गिटारीची साथ करूं लागला तर त्याला थांबवूं नका.